नवरात्र झाल्यावर बघू

(या वर्षी मंडळाच्या वसंत मेळाव्यात उद्योजक सभासदांपुढे केलेले भाषण. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



संयोजकांनी मला पंचवीस मिनिटं दिली आहेत. पण मागच्या दारातून बटाटेवड्यांचा वास यायला लागलाय, म्हणजे खरं तर माझ्याकडे वीसच मिनिटं आहेत. कार्यक्रमपत्रिकेत विषय छापलाय 'बिझनेस कंटिन्युइटी आणि डिझास्टर रिकव्हरी'. हे वाचून माझी बायको म्हणाली, "असलं नाव दिलंत तर तुम्ही आणि माइकवाला असे दोघंच असाल." तरी तुम्ही इतके जण आलात, त्यात वड्यांचा वाटा किती हे मी विचारत नाही.

सोप्या मराठीत विषय असा. एखाद्या दिवशी अचानक काहीतरी कोसळलं, मग ते पाणी असो, आग असो, वीज जाणं असो की संगणक बंद पडणं, तर धंदा चालू कसा ठेवायचा? आणि बंद पडलाच तर पुन्हा उभा कसा करायचा? जर्सी सिटीतल्या एका मोठ्या कंपनीत मी एकवीस वर्षं हेच काम केलं. कंपनीचं नाव सांगत नाही, पेन्शन चालू आहे.

आमच्या क्षेत्रात 'आर.टी.ओ.' असा एक शब्द आहे. आर.टी.ओ. म्हटलं की तुमच्या-माझ्या डोळ्यांपुढे लायसन्सची रांग आणि बाहेर झाडाखाली बसलेले एजंट येतात. इथे त्याचा अर्थ 'रिकव्हरी टाइम ऑब्जेक्टिव्ह', म्हणजे धंदा किती तासांत किंवा किती दिवसांत पुन्हा सुरू झालाच पाहिजे. त्याचा धाकटा भाऊ 'आर.पी.ओ.'. म्हणजे मागची किती नोंद हरवली तर चालेल? कालच्या दिवसाची, तासाभराची, की एका मिनिटाचीही नाही? मोठ्या कंपन्या यावर शंभर-शंभर पानांची बाडं लिहितात. मी स्वतः लिहिली आहेत. वाचणारा मात्र मला अजून भेटायचाय.

असो. २००१ सालच्या ११ सप्टेंबरला मी हडसनच्या अलीकडच्या काठावर ऑफिसात होतो. त्या सकाळचं वर्णन मी करणार नाही, इथल्या बऱ्याच जणांनी ती पाहिली आहे. पण माझ्या धंद्याच्या दृष्टीने त्या दिवसाच्या तीन गोष्टी सांगतो.

पहिली. न्यूयॉर्क शहरावर संकट आलं तर सगळी सूत्रं हलवायची म्हणून १९९९ साली शहराने एक खास केंद्र उभारलं होतं. ते होतं वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या सात नंबरच्या इमारतीत, तेविसाव्या मजल्यावर. त्या सकाळी सगळ्यात आधी रिकामं करावं लागलेल्या जागांत ते केंद्रच होतं, आणि संध्याकाळी ती इमारतच पडली. मग नदीकाठच्या एका धक्क्यावर, पिअर ९२ वर, नवं केंद्र थाटावं लागलं. १९९३ साली त्याच आवारात बॉम्ब फुटला होता, तरी तिथेच जागा घेतली. आगीचा बंब ज्या घराला आग लागण्याची शक्यता जास्त त्याच घराच्या माळ्यावर ठेवावा, तसं.

दुसरी गोष्ट रिक रेस्कोर्ला या माणसाची. मॉर्गन स्टॅन्लीचा हा सुरक्षाप्रमुख, मूळचा इंग्लंडातल्या कॉर्नवॉलचा, व्हिएतनाममध्ये लढलेला. १९९३ च्या बॉम्बनंतर त्याने दक्षिण मनोऱ्यातल्या कंपनीच्या लोकांना दर थोड्या महिन्यांनी जिन्याने खाली उतरण्याची कवायत करायला लावली. मोठे मोठे साहेब कुरकुरायचे, की फोनवर लाखांचे सौदे चालू आहेत आणि हा बाबा आम्हाला जिना उतरायला लावतो. ११ सप्टेंबरला शेजारच्या मनोऱ्याला विमान धडकल्यावर दक्षिण मनोऱ्यात "जागेवरच थांबा" अशी घोषणा झाली. रेस्कोर्लाने ती मानली नाही. त्याने माणसं खाली उतरवायला सुरुवात केली. तिथले त्यांचे सुमारे २,७०० लोक होते, ते जवळजवळ सगळे वाचले. तो स्वतः राहिलेल्यांना शोधायला पुन्हा वर गेला आणि परत आला नाही. आमच्या क्षेत्रात प्रशिक्षणाच्या वेळी त्याचं नाव घेतात तेव्हा खोली थोडा वेळ शांत होते.

तिसरी गोष्ट कँटर फिट्झजेराल्डची. उत्तर मनोऱ्याच्या अगदी वरच्या मजल्यांवर त्यांचं ऑफिस होतं. त्या एका कंपनीची ६५८ माणसं गेली. त्यांच्या यंत्रणेची दुसरी प्रत इथे न्यू जर्सीत, रोशेल पार्कला होती. म्हणजे कागदावर सगळं चोख. पण पासवर्ड? ते ज्यांना ठाऊक होते ती माणसंच राहिली नव्हती. मग मायक्रोसॉफ्टची माणसं मदतीला आली आणि पासवर्ड ओळखता यावेत म्हणून गेलेल्यांच्या घरी फोन करून विचारावं लागलं: लग्नाची तारीख काय? कुत्र्याचं नाव काय? विचार करा, ज्या घरात अजून माणूस सापडलेला नाही तिथे हा फोन. १३ तारखेला रोख्यांचा बाजार उघडला तेव्हा कंपनी व्यवहार करत होती. पण मी ती हकिगत वाचली त्या रात्री उठून आमच्या घरचे सगळे पासवर्ड एका वहीत लिहिले आणि वही कुठे आहे ते बायकोला दाखवलं. (ती म्हणाली, "बँकेचा मला आधीपासून माहीत होता.")

आता पाण्याकडे वळू या, कारण आपल्या न्यू जर्सीवर खरा घाव पाण्याने घातला. २९ ऑक्टोबर २०१२, सँडी. त्या दिवशी आश्विन पौर्णिमा होती, आपल्या कोजागिरीची. पौर्णिमेच्या भरतीत वादळाचं पाणी मिळालं आणि बंदराच्या भिंती कमी पडल्या. त्या रात्री मॅनहॅटनमधल्या एन.वाय.यू. लँगोन हॉस्पिटलची वीज गेली. जनरेटर होते, वरच्या मजल्यावर, सुरक्षित. पण त्यांना तेल चढवणारे पंप तळघरात होते, आणि तळघरात पाणी. ३०० हून जास्त रुग्ण जिन्याने उतरवावे लागले. तान्ही बाळं छातीशी धरून, हाताने श्वास देत, नर्सेस टॉर्चच्या उजेडात उतरत होत्या. तिथून खाली ब्रॉड स्ट्रीटवर एका इमारतीत सतराव्या मजल्यावर डेटा सेंटर होतं, तिथेही तीच कथा. तिथल्या पोरांनी आणि त्यांच्या गिऱ्हाइकांनी मिळून डिझेलच्या बादल्या रात्रंदिवस जिन्याने वर नेल्या आणि सेंटर चालू ठेवलं.

यात मूर्खपणा कोणाचाच नव्हता, हे लक्षात घ्या. आगीच्या भीतीने तेलाची मोठी टाकी इमारतीच्या तळाशीच ठेवतात, आणि ते शहाणपणाचंच आहे. एका संकटावरचा उपाय दुसऱ्या संकटाच्या तोंडी नेऊन ठेवला गेला, इतकंच. आपण नेहमी मागच्या संकटाची तयारी करतो. माझे वडील चिपळूणला बाजारपेठेत किराणा दुकान चालवायचे. मिरग लागला की खालची फळी रिकामी आणि उधारीची वही मेणकापडात गुंडाळून आढ्याला टांगलेली. त्यांच्या हयातीतल्या पुरांना ते पुरलं. २००५ च्या २६ जुलैला भावाने माल पोटमाळ्यावर चढवला आणि बराचसा वाचवला. २०२१ च्या २२ जुलैला पाणी पोटमाळ्यावरच आलं. वही गेली. पण माझी पुतणी पुण्याला असते आणि रोज रात्री वहीच्या पानाचा फोटो फोनवर मागवून घ्यायची, हिशेब जुळवायला म्हणून. उधारी वाचली. आमच्या कंपनीने अशा व्यवस्थेसाठी सल्लागाराला किती डॉलर दिले होते ते मी भावाला सांगितलेलं नाही, तो पुतणीच्या वतीने बिल पाठवेल.

आता ज्यासाठी मी आज उभा आहे ते सांगतो. सांगायची परवानगी घेतली आहे.

माझा एक मित्र आणि त्याची बायको यांचा होबोकनला छापखाना होता. तुमच्यापैकी जुन्या मंडळींना माहीत आहे, आपला दिवाळी अंक तोच छापायचा. रस्त्याच्या पातळीवरचा गाळा, एक ऑफसेट यंत्र, एक कटिंग मशीन, आणि नुकतंच लीजवर घेतलेलं डिजिटल प्रिंटिंग यंत्र. लग्नपत्रिका, रेस्टॉरंटांची मेनूकार्डं, मंदिरांच्या पावत्या. चार माणसांना काम होतं.

त्या वर्षी आपल्या मंडळाच्या गणपतीत, शनिवार २२ सप्टेंबरला, त्याने प्रसादाच्या रांगेत माझ्या हातात एक जाड पाकीट दिलं. म्हणाला, "अरे, तुझं कामच हे. माझी इन्शुरन्स पॉलिसी जरा वाचून बघ ना. एजंट म्हणतो सगळं कव्हर आहे, पण मला त्यातलं ओ की ठो कळत नाही."

मी म्हटलं, "बघतो रे. नवरात्र झाल्यावर बघू."

पाकीट गाडीच्या कप्प्यात गेलं. नवरात्र झालं, दसरा झाला २४ ऑक्टोबरला. २७ ला वादळाच्या बातम्या सुरू झाल्या तेव्हा मला ते आठवलं, गॅरेजमध्ये बसून मी ते वाचलं. पहिल्या दहा मिनिटांतच कळलं. धंदा बंद राहिल्यास नुकसानभरपाईचं कलम होतं, 'बिझनेस इंटरप्शन', व्यवस्थित. पण पुराचं पाणी त्या पॉलिसीत वगळलेलं होतं. इथे बहुतेक पॉलिसींमध्ये वगळलेलंच असतं. आणि मूळ कारण वगळलेलं असलं की त्यामुळे धंदा बंद पडल्याची भरपाईही मिळत नाही. पुरासाठी केंद्र सरकारच्या योजनेची वेगळी पॉलिसी घ्यावी लागते. दुकानातल्या मालासाठी आणि यंत्रांसाठी त्यात ५ लाख डॉलरपर्यंत सोय आहे. पण सहसा ती घेतल्यापासून तीस दिवसांनी लागू होते. नेमकं म्हणूनच, की वादळ टी.व्ही.वर दिसल्यावर कोणी धावत येऊ नये.

हे गणित मी नंतर पुष्कळदा केलंय. २२ सप्टेंबरच्या रात्री मी ती दहा मिनिटं काढली असती, आणि २७ तारखेपर्यंत त्याचा अर्ज गेला असता, तर २७ ऑक्टोबरला तो कव्हर झाला असता. दोन दिवस राखून. एकवीस वर्षं मी दुसऱ्यांच्या संकटाची गणितं केली, हे एक दहा मिनिटांचं गणित केलं नाही.

हडसनचं पाणी होबोकनमध्ये शिरलं ते दिवसचे दिवस हटेना, लोकांना बाहेर काढायला नॅशनल गार्डचे ट्रक आले. आम्ही दुकानात पोचलो ते चौथ्या-पाचव्या दिवशी. तेही सोपं नव्हतं. पंपांवर पेट्रोल होतं पण ते उपसायला वीज नव्हती, आणि ३ नोव्हेंबरपासून आपल्याकडच्या बारा काउंटींत गाडीच्या नंबरप्रमाणे सम-विषम तारखांना पेट्रोल मिळायला लागलं. दुकानात कमरेइतकी पाण्याची रेघ भिंतीवर. कागदाच्या चळती भिजून फुगल्या होत्या, इतक्या की त्यांनी लोखंडी रॅक वाकवले होते. खारं पाणी आणि त्यात कुठल्या तरी घराच्या टाकीतलं तेल. आपल्या दिवाळी अंकाचे फर्मे बांधणीसाठी लावून ठेवले होते, त्यांचा लगदा. तो अंक संक्रांतीला निघाला, दुसरीकडून छापून. दिवाळी अंकाबरोबर तिळगूळ वाटणारं आपलं मंडळ जगात एकमेव असेल. तेव्हा आपण सगळे त्यावर हसलो होतो. मीही.

वहिनींनी त्या दिवशी हातमोजे घातले आणि कपाटं उघडायला घेतली. मला म्हणाल्या, "भावजी, मशीनचं राहू द्या. माझी गिऱ्हाइकांची डायरी घरी आहे. आधी फोन करायला हवेत." पूर्ण दुकानात पुढचा विचार करणारी ती एकटीच बाई. त्यांनी घरून फोन लावले, आणि एडिसनच्या एका गुजराती छापखानेवाल्याने, जो खरं तर यांचा स्पर्धक, नोव्हेंबरच्या लग्नपत्रिका आपल्या मशीनवर रात्री छापू दिल्या. फक्त कागदाचे आणि शाईचे पैसे घेतले. त्या एकाही मुलीचं लग्न पत्रिकेवाचून अडलं नाही.

पण रेस्टॉरंटवाले आणि छोट्या कंपन्या थांबल्या नाहीत. पहिला आठवडा सहानुभूती, दुसऱ्या आठवड्यात "कधीपर्यंत होईल?", आणि तिसऱ्या आठवड्यानंतर फोनच नाही. गाळ्याचं भाडं चालू, लीजवरच्या यंत्राचा हप्ता चालू. यंत्र बुडालं म्हणून हप्ता बुडत नाही. सरकारच्या एस.बी.ए. खात्याकडून अशा वेळी कमी व्याजाचं कर्ज मिळतं, त्याची कागदपत्रं मी स्वतः बसून भरली, प्रायश्चित्त म्हणून म्हणा. पण ते कर्जच असतं, अनुदान नव्हे, आणि तारणाला घर. मित्र तेव्हा अठ्ठावन्न वर्षांचा. त्याने रात्रभर विचार केला आणि सकाळी फोन करून सांगितलं, "घर नाही लावत." २०१३ च्या फेब्रुवारीत त्यांनी किल्ल्या परत दिल्या. पुढे निवृत्त होईपर्यंत त्याने एडिसनच्या त्याच छापखान्यात नोकरी केली.

त्याने मला एकदाही बोल लावला नाही. ते पाकीट मी त्याला परत दिलं तेव्हा त्याने ते उघडलंही नाही.

म्हणून मी आज तुम्हाला शंभर पानांचं बाड लिहायला सांगत नाही. तुमच्यापैकी कोणी केटरिंग करतं, कोणाची डेंटल प्रॅक्टिस आहे, दोघी-तिघी घरून टॅक्सचं काम करतात. प्रत्येकाने स्वतःला एवढंच विचारावं, की माझं गिऱ्हाईक माझ्यासाठी किती दिवस थांबेल? खरं खरं. हा आकडा बदलतो बरं का. टॅक्सवालीला जुलैत दोन आठवडे बंद राहता येईल, मार्चअखेर दोन दिवसही नाही. तो आकडा कळला की बाकीचं आपोआप विचारावंसं वाटतं. तितके दिवस भाडं आणि पगार भरायला रोकड आहे का? तेवढ्यात काम दुसरीकडून करून देणारा कोणी, स्पर्धक का असेना, ओळखीचा आहे का? त्याच्याशी आजच चहा घ्या. पूर आल्यावर ओळख काढू नये.

बॅकअपबद्दल विचारलं की सगळे म्हणतात, "आहे ना, क्लाउडवर." त्यातून परत काढून कधी बघितलंय का? म्हटलं की खाली बघतात. १९ जुलै २०२४ ला एका सुरक्षा सॉफ्टवेअरच्या चुकलेल्या अपडेटने जगभरचे सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळे पडले. ना पूर, ना आग. भारतात विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले. ज्यांच्याकडे कोरा कागद, पेन आणि प्रवाशांची यादी होती त्यांचं काम हळू का होईना पुढे सरकलं. तेव्हा यंत्र नसताना तुमच्याकडे हाताने काय करता येतं, ते एकदा करून बघा. एखाद्या शनिवारी दुपारी संगणक मुद्दाम बंद ठेवा. लक्ष्मीपूजनाला आपण वहीची पूजा करतो, त्या दिवशी एक जुनी फाइल बॅकअपमधून काढून उघडते का तेही बघायला हरकत नाही. मुहूर्त चांगला असतो.

आणि पॉलिसी वाचा. एजंट 'सगळं कव्हर आहे' म्हणाला तर त्याला 'काय काय वगळलंय' ते पान दाखवायला सांगा. कोविडच्या वेळी, २०२० साली, कित्येक दुकानदारांनी बिझनेस इंटरप्शनचे दावे केले, आणि बहुतेकांना उत्तर मिळालं की वस्तूचं प्रत्यक्ष नुकसान झालेलं नाही, नुसतं सरकारने बंद ठेवायला सांगितलं म्हणून पैसे मिळत नाहीत. ते शब्द पॉलिसीत आधीपासून होते. बहुतेकांनी वाचले तेव्हाच, माझ्यासारखे, गॅरेजमध्ये बसून.

तर मंडळी, वडे तयार आहेत असं स्वयंपाकघरातून खुणावतायत. निमंत्रणात लिहिलं होतं त्याप्रमाणे ज्यांनी आपापल्या पॉलिसी आणल्या असतील, त्यांनी चहा घेऊन जिन्याजवळच्या टेबलापाशी यावं. मी तिथे शेवटचा माणूस जाईपर्यंत बसणार आहे. आजच वाचायच्या, नंतर नाही. माझा मित्र तिसऱ्या रांगेत बसलाय, तोही टेबलावर माझ्या शेजारी असेल. मला आता बारीक अक्षर दिसत नाही. त्याने आयुष्यभर प्रुफं तपासली आहेत, त्याला दिसतं.